कुठे लागलं, कसं लागलं

मी काय नोकरी केली हे नव्या ओळखीच्या माणसाला सांगताना मला नेहमी अडचण पडते. "कामावर माणसांना काय लागतं, काय आजार होतात, त्याची नोंद मी ठेवायचे" असं म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे नेमकं काय?" नेमकं सांगायला एखादा किस्सा सांगावा लागतो. तो सांगितला की त्याच्या मागचा आठवतो, आणि मग मला थांबवायला कोणीतरी उठून चहा टाकतं. घरात जेवताना मला तोंड उघडायला बंदी आहे, कारण आमच्या किस्स्यांत बोटं तुटतात. तुम्ही सगळे जेवून आलाय, तेव्हा हरकत नाही.

आमचं ऑफिस चारमिनारच्या शहरात, आबिड्सच्या बाजारात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. सरकारी, पण इतकं लहान की सरकारलाही अधूनमधून विसर पडायचा. माणसं चार. डॉक्टर बापट पुण्याचे. बायकोला विद्यापीठात नोकरी लागली म्हणून विद्यानगरला बिऱ्हाड करून राहिलेले. हेडक्लार्क सत्यवतीगारू, म्हणजे आपल्या भाषेत सत्यवतीबाई, नियमांच्या एकदम पक्क्या. रहीमभाई जीपचे ड्रायव्हर आणि डॉक्टरांचे दुभाषेही, कारण डॉक्टरांना तेलुगू शेवटपर्यंत आलं नाही, आणि त्यांची हिंदी पुण्याची. आणि नोंदी ठेवणारी मी, सुनंदा वाघमारे. वडील नांदेडहून नोकरीसाठी इकडे आले, मी नल्लकुंट्यात वाढले. त्यामुळे माझ्या मराठीत मधेच 'हो'च्या जागी एखादा 'हौ' येतो, तेवढा चालवून घ्या.

बाहेरच्या कंपन्यांना देशाची दारं उघडली, तेव्हाचा हा काळ. परदेशी गिऱ्हाईक माल घ्यायच्या आधी विचारायला लागलं, तुमच्याकडे कामगार सुरक्षित आहेत का? झालं, ज्या मालकांनी आम्हाला वर्षानुवर्षं गेटवर उभं केलं होतं, ते फोन करून बोलवायला लागले. "डॉक्टरसाब, कधी येताय पाहणीला?" पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा सत्यवतीगारूंनी राँग नंबर म्हणून ठेवून दिला होता.

*

पंख्याची पाती ठोकणारा एक कारखाना होता. तिथल्या एकाच प्रेस मशीनखाली लागोपाठ तिघांच्या बोटांची टोकं गेली होती. डॉक्टर त्या मशीनपुढे बराच वेळ उभे राहिले. मग मालकाला म्हणाले, "ह्याला ताबडतोब गार्ड बसवा." रहीमभाईंनी सांगितलं, "इस मशीन पे गार्ड बिठाओ."

मालकाने लगेच मान डोलावली. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, कारण एरवी मालक मंडळी 'बघू, पुढच्या वर्षी' म्हणायची. हा उलट विचारत होता, एक पुरे की दोन लागतील? डॉक्टर म्हणाले, चांगला असेल तर एक पुरे. मालकाने विचारलं, दिवसभर हवा का? डॉक्टर म्हणाले, मशीन चालू आहे तोवर हवाच, त्याशिवाय मशीन सुरूच करायचं नाही. येताना जीपमध्ये डॉक्टर सारखे म्हणत होते, सुनंदाबाई, माणूस समंजस आहे.

महिन्याभराने परत गेलो. मशीनच्या शेजारी स्टुलावर खाकी कपड्यातला एक मिशाळ माणूस बसला होता. गळ्यात शिट्टी, मांडीवर काठी. आम्हाला बघून त्याने सलाम ठोकला. हा नरसिंगराव, आधी एका बँकेच्या दारात होता.

डॉक्टर त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले. त्यांनी मशीन चालवणाऱ्याला विचारलं, हा काय करतो? तो म्हणाला, हात आत गेला की शिट्टी मारतो, तरी बाहेर नाही आला तर काठी मारतो.

मी रजिस्टर पाहिलं. महिन्यात एकाचंही बोट गेलं नव्हतं. मनगटाला मुका मार मात्र बऱ्याच जणांना होता. त्याचं कारण काय लिहू म्हणून मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "लिहा, सुरक्षा साधनामुळे."

पुढे तिथे लोखंडी जाळीचा खरा गार्ड बसला. पण नरसिंगरावला कोणी उठवलं नाही. परदेशी पाहुणे आले तेव्हा तो जाळीशेजारी ताठ उभा होता. पाहुण्यांनी आपल्या अहवालात फार कौतुक केलं म्हणे, इथे प्रत्येक सुरक्षा साधनाच्या रक्षणासाठी स्वतंत्र माणूस नेमलेला आहे.

*

गावाबाहेर दगडाच्या लाद्यांना पॉलिश करण्याचं एक मोठं शेड होतं. धूळ इतकी की आत गेलेला माणूस पांढरा होऊनच बाहेर यायचा. ही धूळ छातीत बसते आणि मग निघत नाही. म्हणून मास्क सक्तीचे केले होते, आणि आम्ही जेव्हा जाऊ तेव्हा झाडून सगळ्यांच्या तोंडावर मास्क असायचा. डॉक्टर खूश. रहीमभाई मात्र गप्प. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "बाई, अपनी जीप का हॉर्न सुने तो पैनते. हम निकले तो निकालते."

आमच्या जीपचा हॉर्न कोंबडा आरवल्यासारखा होता, आणि तो दोन मैलांवरून ओळखू यायचा. डॉक्टर म्हणाले, उद्या आपण दोघं बसने जाऊ. जीप नको, रहीमभाईही नको.

बसने गेलो, शेवटचं अंतर चालत. गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनने आमच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. डॉक्टरांच्या पँटला चिखल, माझ्या हातात छत्री. डॉक्टरांनी ओळखपत्र दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण अक्कल भरपूर होती. म्हणाला, खरे डॉक्टर जीपमधून येतात.

डॉक्टर म्हणाले, आमच्या ऑफिसला फोन करून विचार. त्याने केबिनमधून फोन लावला. तिकडे सत्यवतीगारू. आम्ही कुणाला न सांगता निघालो होतो, आणि सत्यवतीगारूंच्या वहीत जीप बाहेर गेल्याची नोंद नव्हती. त्यांनी ठामपणे सांगितलं की जीप इथे खाली उभी आहे, म्हणजे डॉक्टर दौऱ्यावर नाहीत, आणि जो कोणी आलाय त्याला आत सोडू नका, बसवून ठेवा.

त्याने बसवून ठेवलं. चांगला माणूस होता, आम्हाला पाणी दिलं, सावलीत खुर्च्या दिल्या. पण उठू लागलो की काठी आडवी धरायचा. गेटच्या फटीतून आतलं सगळं दिसत होतं. पांढरी माणसं, पांढरे केस, पांढऱ्या भुवया, आणि मास्क एकाच्याही तोंडावर नाही. मास्क खिळ्यांना ओळीने टांगलेले होते, प्रत्येकाखाली नाव लिहिलेलं. डॉक्टरांनी मला सगळं टिपून घ्यायला सांगितलं, आणि मी त्या खुर्चीत बसून टिपत राहिले. इतकी खरी पाहणी आम्ही आधी कधी केली नव्हती.

दुपारी रहीमभाईंना शंका आली आणि ते शोधत आले. वळणावर त्यांनी सवयीने हॉर्न दिला. आत सगळे जण एकदम खिळ्यांकडे धावले. वॉचमनने जीप पाहिली, मग डॉक्टरांकडे पाहिलं, उठून सलाम केला आणि गेट सताड उघडून म्हणाला, "आइए साब, कब आए?"

*

यादगिरी बॉयलरच्या टाक्या ठोकायचा. सगळं आयुष्य हातोड्याच्या मशीनपाशी गेलेलं. ऑफिसच्या मागच्या बाजूला आम्ही प्लायवूड आणि गाद्या लावून एक खोली केली होती, कान तपासायला. आत शांतता. माणसाने हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं.

यादगिरीला आत बसवून दार लावलं. मिनिटभरात तो दार ढकलून बाहेर आला, दोन्ही हात कानांवर, चेहरा उतरलेला. म्हणाला, आत जाईपर्यंत मला ऐकू येत होतं, तुमच्या खोलीने मला बहिरं केलं. रहीमभाईंनी रस्त्याकडची खिडकी उघडली. आबिड्सचे हॉर्न आत आले तसा त्याच्या जिवात जीव आला. मोठ्या मिनतवारीने परत आत पाठवला. ह्या वेळी दार किंचित उघडं ठेवून रहीमभाई त्याला दिसतील असे उभे राहिले.

तपासणीत निघालं, कान बरेच गेलेत. डॉक्टरांनी त्याला कानात घालायचे बोळे दिले. रहीमभाईंनी ओरडून ओरडून समजावलं, रोज हे घालूनच कामाला बसायचं. यादगिरीने बोळे उलटसुलट करून पाहिले. आवाजावरून मला मशीनची तब्येत कळते, तो म्हणाला. मी कान बंद केले आणि ते आजारी पडलं, तर तुम्ही येणार का त्याला बघायला?

शेवटी यादगिरीनेच त्यावर तोड काढली. तो एका कानात बोळा घालायला लागला. एक कान माझा, एक मशीनचा, असं म्हणाला.

*

आता आमच्या स्वतःच्या ऑफिसचा. अपघातांच्या फायलींचं लोखंडी कपाट एका पायाने अधू होतं, म्हणून त्याखाली वीट दिली होती. एके दिवशी डॉक्टर वरची फाइल ओढायला गेले आणि वीट सटकली. कपाट पडलं नाही, पण फायली पडल्या, सगळ्या डॉक्टरांच्या पायावर. अंगठ्याचं हाड मोडलं.

पायाला प्लॅस्टर घालून डॉक्टर परत आले तेव्हा सत्यवतीगारूंनी त्यांच्यापुढे छापील फॉर्म ठेवला. कामाच्या जागी हाड मोडलं तर कळवणं सक्तीचं आहे. डॉक्टर म्हणाले, अहो, कळवायचं कुणाला, तर आपल्यालाच ना? सत्यवतीगारू म्हणाल्या, हौ, पण कळवायला उशीर झाला तर आपल्याला नोटीस काढावी लागेल.

डॉक्टरांनी फॉर्म भरला. सत्यवतीगारूंनी तो जावक रजिस्टरला चढवला, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेला आणि आवकला घेतला. मग तपासला. 'अपघात टाळण्यासाठी काय उपाय केले' हे डॉक्टरांनी कोरं सोडलं होतं. सबब, माहिती अपुरी असल्याचं पत्र निघालं, डॉक्टरांच्या सहीने, डॉक्टरांच्या नावे. डॉक्टर चिडले आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. मग स्मरणपत्र निघालं. त्याच्यावरही त्यांनी सही केली, कारण सह्यांच्या गठ्ठ्यात ते होतं.

शेवटी वरच्या ऑफिसातून एक नवे अधिकारी आले, त्यांना आमच्यातल्या कुणाचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी फाइल पाहिली आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणाले, तुमचं ऑफिस फार कार्यक्षम आहे, पण ह्या बापट नावाच्या मालकावर आता कडक कारवाई करा.

विटेच्या जागी दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळा आला. रहीमभाईंनी आणला. फॉर्मवर लिहायला उपाय झाला, आणि फाइल बंद झाली.

*

मग कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या. तोवर आमच्याकडे तेल-ग्रीस लागलेली माणसं यायची. आता इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं-मुली यायला लागली, मान आखडलेली, मनगटाला पट्टा. डॉक्टर सुरुवातीला म्हणायचे, एसीत बसून काय होणार? पण फायली जाड व्हायला लागल्या.

त्यातली एक मृण्मयी, पुण्याची. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून टेपवर बोलायचे आणि ही इथे कानाला हेडफोन लावून ते ऐकत दिवसभर टाइप करायची. आपल्याकडची मुलगी म्हणून डॉक्टर बापट खूश झाले. म्हणाले, "बस. काय होतंय, सगळं मराठीत सांग."

मुलगी पाठ ताठ करून बसली आणि बोलायला लागली, "गेले तीन महिने उजवं मनगट दुखतंय, कॉमा, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, फुलस्टॉप."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून लिहीत राहिले.

ते टेपवरचे डॉक्टर विरामचिन्हंही बोलून दाखवायचे, आणि ती हिच्या तोंडात बसली होती. आजाराविषयी बोलायला लागली की आपोआप यायची. चहा-पाण्याचं बोलताना नाही. तिला स्वतःला पत्ताच नव्हता. पुण्याला आईशी फोनवर बोलताना आईला वाटायचं, लाइन खराब आहे.

डॉक्टरांनी मनगट तपासलं, पट्टा बदलून दिला, दर तासाला हात मोकळे करायला सांगितलं. मग चष्मा काढून अगदी हळुवार आवाजात विचारलं, "आणि हे असं बोलणं कधीपासून?"

ती थोडी गोंधळली. म्हणाली, "न्यू पॅराग्राफ. कसं बोलणं?"

मनगट पुढे बरं झालं. दुसऱ्या गोष्टीसाठी आमच्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

*

बालय्या सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात मिक्सिंग खात्यात होता. तिथली धूळ सगळ्यात वाईट. त्याच्या छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना सावली दिसत होती. डॉक्टरांनी लिहून दिलं, ह्याला धुळीतून बाहेर काढा. कंपनी म्हणाली, फोटोवर आमचं म्हणणं वेगळं आहे. फुंकायच्या मशीनवर आकडा कमी आला तरच बदली होईल.

हे मशीन म्हणजे एक नळी आणि एक पेन. माणसाने पूर्ण श्वास घेऊन नळीत फुंकायचं, पेन कागदावर रेघ ओढतं. छाती जितकी खराब, तितकी रेघ बुटकी.

बालय्याने फुंकलं आणि पेन कागदाच्या वर निघून गेलं.

डॉक्टरांना वाटलं मशीन बिघडलं. स्वतः फुंकून पाहिलं, व्यवस्थित होतं. मग चौकशीत कळलं की बालय्या वडिलांच्या वेळेपासून लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. चारमिनार भागातल्या वराती त्याच्यावाचून हलत नाहीत. छातीत सावली भरली होती, चार पायऱ्या चढला की धाप लागत होती, पण नळी ओठाला लागली की कुठून तरी दम यायचा.

कंपनीने तो कागद फ्रेम करून लावायचाच काय तो बाकी ठेवला. डॉक्टरांनी हट्टाने फेरतपासणी मागितली.

डॉक्टर बापट अत्यंत सरळ माणूस. पण फेरतपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि बालय्याला म्हणाले, उद्या कंपनीचा माणूस समोर असेल, तेव्हा जिना चढल्यावर जेवढा दम राहतो तेवढाच लाव. तेच तुझं खरं आहे. बालय्याने मान हलवली. डॉक्टरांनी सराव म्हणून फुंकायला दिलं. पेन परत वर. पुन्हा दिलं, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी तर आधीपेक्षा उंच. बालय्या मान खाली घालून बसला.

"क्या करूँ साब," म्हणाला, "नली मुँह को लगी तो आधा फूँकना आताइच नै."

त्याची बायको लक्ष्मम्मा बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशीही ती आली. कंपनीचा माणूस आला, टाय लावून. बालय्याने नळी हातात घेतली आणि आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. तेवढ्यात लक्ष्मम्मा न विचारता आत आली आणि नवऱ्याच्या खांद्यामागे उभी राहिली. कंपनीच्या माणसाने हरकत घेतली. सत्यवतीगारूंनी नियमांचं पुस्तक उघडलं, पान उलटलं आणि सांगितलं की तपासणीच्या वेळी बायको उभी राहू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

लक्ष्मम्माने हळू आवाजात गुणगुणायला सुरुवात केली. मुलीच्या पाठवणीला बँड जे वाजवतो, ते. सगळी वरात दणक्यात वाजवणारा माणूस ह्या एका वेळी अगदी दबून वाजवतो, कारण मुलगी आईच्या गळ्यात पडलेली असते.

बालय्याचे डोळे मिटले. खांदे खाली आले. त्याने फुंकलं ते इतकं हलकं की पेन जेमतेम उठलं, थरथरलं आणि बसलं.

नियमाप्रमाणे तीन वेळा फुंकावं लागतं. लक्ष्मम्मा तीनदा गुणगुणली. तिन्ही रेघा एकीवर एक ठेवाव्यात अशा आल्या. रहीमभाई तोंड फिरवून खिडकीशी उभे होते. कंपनीचा माणूस आपल्या टायशी चाळा करत होता. त्याने कागदावर सही केली. पुढच्याच आठवड्यात बालय्याची बदली पॅकिंग खात्यात झाली, आणि निवृत्तीपर्यंत तो तिथेच राहिला.

सगळे गेल्यावर मी फॉर्म पुरा करायला घेतला. शेवटी एक ओळ असते, तपासणीच्या वेळी काही विशेष घडलं असल्यास. मी विचारलं, "डॉक्टर, इथे काय लिहू?"

डॉक्टर बापट चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

म्हणाले, "लिहा. मुलगी सासरी गेली. तीन वेळा."